मोटारीचा उच्छ्वास

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची तालुक्याची गावे दोन. एकाच्या नावामागे बाजार लागला, दुसऱ्याच्या नावामागे रेल्वे. आमचे बिऱ्हाड ह्या दुसऱ्या चांदुरात. जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास जाऊन पोहोचला, आणि यंत्राशी आमच्या गावाचा संबंध इतका निकटचा झाला की, ते गावाच्या नावातच येऊन बसले. असे असूनही आम्हां पांढरपेशा मंडळींचे यंत्रज्ञान, स्टेशनावरील घड्याळ पाहून गाडी किती उशिरा आहे हे सांगण्यापलीकडे सहसा जात नाही. ह्या अज्ञानाची किंमत आमच्या घरास किती पडू पाहत होती व ती थोडक्यात कशी टळली, हे वाचकांस सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच. ज्यांच्या दारात जुनी मोटार आहे त्यांस त्यातील काही सूचना उपयोगी पडतील. ज्यांच्या दारात नाही त्यांस निदान एका कुटुंबाच्या चुकीची हकीकत तरी वाचावयास मिळेल.

आमची मोटार म्हणजे १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली. त्या काळी मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आमच्या तीर्थरूपांनी तशी ती पाहिली, आणि गाडी दारात आली त्या दिवशी मातोश्रींनी तिच्या बॉनेटवर हळदकुंकवाचे स्वस्तिक काढले. तीन लग्नांच्या वराती, दोन बाळंतपणांच्या धावपळी आणि अखेरीस तीर्थरूपांस अमरावतीच्या रुग्णालयात नेण्याचा तो शेवटचा प्रवास, हे सारे ह्याच गाडीने पाहिले. मुंबईच्या रस्त्यांवरील काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची २००३ साली नोंदली गेली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिचीही वीस वर्षांची मुदत संपली. ती बातमी वाचून मातोश्री एवढेच म्हणाल्या, "आपली मात्र आहे हो अजून."

ही "अजून असलेली" गाडी आम्ही भंगारात घालण्याच्या बेतात होतो.

प्रकरणाचा आरंभ झाला चैत्रात. सहकुटुंब अंबादेवीच्या दर्शनास अमरावतीला निघालो होतो. पोहऱ्याच्या जंगलातील रस्त्यावर मातोश्रींचे डोके दुखू लागले आणि मागे बसलेल्या धाकट्या नातीस उलटी झाली. वळणांस, उन्हास आणि सकाळी घाईत खाल्लेल्या पोह्यांस आम्ही दोष दिला. परतताना पुन्हा तसेच झाले. तेव्हा वहिनींनी "गाडीत कसला तरी वास येतो" असे सुचविले. परंतु जुन्या गाडीत वास यावयाचाच, असे म्हणून आम्ही तो विषय मिटविला. पुढे पावसाळाभर गाडी पडवीत कापडाखाली झाकलेली होती. दसऱ्यास पूजेसाठी बाहेर काढली, तो बॉनेटच्या फटींतून निळसर धूर येऊ लागला आणि फरशीवर तेलाचे ताटाएवढे थारोळे साचले.

मिस्त्रीस बोलाविले. त्याने यंत्र चालू ठेवून तेल ओतावयाचे झाकण काढले. आतून भकाभक वाफारा आला. "बॅक कॉम्प्रेशन मारते भाऊ," तो म्हणाला, "इंजिन गेलं तुमचं. बोअर करा लागते, पिस्टन टाका लागते." खर्चाचा अंदाज त्याने पन्नास-साठ हजारांचा सांगितला. त्या रात्री जेवणानंतर घरात सभा भरली. धाकट्या बंधूंचे मत, एवढ्या पैशांत मुलांच्या शिक्षणाचा एक हप्ता भागेल. वहिनींचे मत, ज्या गाडीत मुलांना उलट्या होतात ती हवी कशाला? दोन्ही मते बिनतोड होती. मातोश्री मात्र काही न बोलता उठून आत गेल्या, आणि त्यांचे ते न बोलणेच आम्हांस अधिक लागले.

आमच्या शेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक फिटर राहतात. घरातील मुले त्यांना फिटरकाका म्हणतात. सकाळी दूध घेऊन जाताना ते गाडीपाशी थांबले. "उघडाच म्हणता इंजिन? आधी त्याचं नाक तर पाहू. बुजलं असंल तर बिचारं काय करंल!" यंत्रास नाक असते हे आम्ही त्या दिवशी प्रथमच ऐकले.

पुढील हकीकत कळण्यासाठी यंत्राच्या पोटात काय चालते ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोल व हवा ह्यांच्या मिश्रणाचा भडका उडतो आणि त्याच्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनभोवती पोलादी कडी असतात, त्यांस रिंगा म्हणतात. ह्या रिंगा कितीही चोख बसविल्या तरी भडक्यातील वायूचा थोडा अंश त्यांच्या फटींतून निसटून खाली, जेथे तेल साठविलेले असते त्या चेंबरमध्ये उतरतो. नव्या गाडीत तो थोडा, झिजलेल्या गाडीत अधिक. पण मुळीच नाही असे कधीच होत नाही. ह्या वायूत न जळलेले पेट्रोल असते, कार्बन मोनॉक्साइड असतो आणि पाण्याची वाफही असते. पेट्रोल जळले की त्यातून पाणी निपजते, हे पुष्कळांस ठाऊक नसते; एक लिटर पेट्रोल जळले असता सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील बहुतेक सायलेन्सरवाटे बाहेर जाते, पण थोडे खाली चेंबरमध्येही येते.

आता हा वायू चेंबरमध्ये कोंडून राहिला तर काय होईल? आमच्या भगिनीवर्गास हे सांगावयास नकोच. प्रेशर कुकरच्या शिटीचे भोक डाळीच्या टरफलाने बुजले, तर वाफ रबरी कड्यातून फुसफुसू लागते आणि अखेरीस सुरक्षेची चकती उडते. मोटारीच्या चेंबरला अशी चकती नसते. म्हणून तेथे दाबलेला वायू जी फट मिळेल तीतून तेलास बाहेर रेटतो. टॅपेट कव्हरचे पॅकिंग, चेंबरचे पॅकिंग, दांड्याच्या टोकांशी असलेली सीले, ह्या सर्व ठिकाणी तेल पाझरू लागते. मागील सीलातून ते क्लचवर उतरले की क्लच घसरू लागतो. कधी कधी तेल मोजण्याचा गजही आपोआप वर उचलला जातो. ह्या सर्व आपत्तींतून सुटण्यासाठी यंत्रास उच्छ्वासाची एक नळी ठेवलेली असते. तिला मिस्त्री लोक ब्रीदर म्हणतात. फिटरकाकांचे नाक ते हेच.

मोटारींच्या आरंभीच्या काळात ही नळी सरळ खाली रस्त्याकडे सोडलेली असे. तिचे टोक तिरपे कापलेले असावयाचे, म्हणजे गाडी धावू लागली की खालून वाहणाऱ्या वाऱ्याने आतला वायू ओढला जाई. ही युक्ती सोपी होती. पण गाडी उभी असता तिचा उपयोग नसे, आणि बाहेर पडलेला विषारी वायू मागून येणाऱ्याच्या वाट्यास जाई. पुढे ह्या नळीचे टोक हवा गाळण्याच्या डब्यास, म्हणजे एअर फिल्टरला जोडण्यात येऊ लागले. यंत्र हवा ओढते, तिच्याबरोबर आपलाच उच्छ्वासही ओढून घेते आणि त्यातील पेट्रोल पुन्हा जाळून टाकते.

फिटरकाकांनी मुलांकडून एक जुने पोस्टकार्ड मागवून घेतले. यंत्र गरम होऊन मंद गतीने चालू असता तेलाचे झाकण काढून त्या तोंडावर कार्ड ठेवले. ते वाफाऱ्याने उडून गेले. मिस्त्रीने पाहिले होते तेही हेच. परंतु काका तेथे थांबले नाहीत. वाकून त्यांनी ब्रीदरच्या नळीचा माग काढला. ती फिल्टरला जोडलेली नव्हतीच! एअर फिल्टरवरील तिचे तोंड एका बोल्टने बंद केले होते आणि नळी खाली चाकाच्या बाजूस लोंबत होती. तिच्या टोकाशी त्यांनी तळहात धरला. वाऱ्याची झुळूकही नाही. "एकाच खोलीची दोन दारं," ते म्हणाले, "एका दारातून वादळ अन् दुसऱ्यातून झुळूकही नाही, मंग दुसरं दार बंदच असंल ना?" यंत्र बंद करून नळी काढली. तिच्या टोकात बोटभर लांबीचा सुकलेल्या मातीचा गच्च बोळा होता. कुंभारीण माशीने पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीत आपले घर बांधले होते. वऱ्हाडातील कोणत्याही जुन्या घराच्या खिडकीच्या चौकटीत, कुलपाच्या भोकात तिची अशी घरे आढळतात. आमच्या मोटारीची नळी तिला त्याहूनही सोयीची वाटली असावी.

धूर कोठून येत होता हेही आता उघड झाले. कोंडलेल्या दाबाने टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून तेल झिरपून खालच्या तापलेल्या धुराड्याच्या नळीवर थेंब थेंब पडत होते.

येथपर्यंत दोष माशीचा. पण नळी फिल्टरपासून सोडविली कोणी? ह्या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हांस मान खाली घालावी लागली. गेल्या होळीच्या सुमारास फिल्टरचा कागद तेलकट झाल्याची तक्रार घेऊन आम्ही एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो होतो. "ही नळी काढून खाली सोडतो, फिल्टर कधी तेलकट होणार नाही," असे तेथे सांगण्यात आले, आणि मान आम्हीच डोलाविली होती. फिल्टर कोरडा राहिला खरा. परंतु चेंबरचा वायू त्या दिवसापासून बॉनेटखाली पसरू लागला, आणि वाऱ्याच्या झडपांतून आत, मातोश्रींच्या व नातीच्या नाकातोंडात जाऊ लागला. वळणांस आणि पोह्यांस आम्ही फुकट दोष दिला. पेट्रोलाचा व तेलाचा तो वास एक प्रकारे आमचा उपकारकर्ताच होता. कारण त्याच्या सोबतीने येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि गंधही नसतो. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. डोकेदुखी, मळमळ आणि ग्लानी ही त्याची पहिली लक्षणे होत. वहिनींनी सांगितले तेव्हाच आम्ही कान दिला असता तर! म्हणून वाचकांस आमची कळकळीची विनंती आहे की, गाडीत बसल्यावर घरातील वृद्धांचे डोके दुखत असेल किंवा मुलांस मळमळत असेल, तर प्रथम काचा उघडाव्या आणि मग गाडी तपासावी. बंद पडवीत वा गॅरेजमध्ये यंत्र चालू ठेवून कोणतीही परीक्षा कधी करू नये.

आता परीक्षेची रीत क्रमाने सांगतो. यंत्र गरम करून मंद चालू ठेवावे, तेलाचे झाकण काढावे आणि तोंडावर जाड कागद ठेवावा. तो किंचित थरथरला तर चिंता नाही. जोराने उडाला तर दोन शक्यता उरतात: उच्छ्वासाची वाट बंद असेल, किंवा रिंगा झिजल्या असतील. नळीचे दुसरे टोक फिल्टरपासून सोडवून तेथे हात धरला की ह्या दोहोंतील निवाडा होतो. तेथे वारा लागत नसेल तर नळी बुजलेली. तेथेही जोराचा वारा येत असेल तर नळी मोकळी असून रोग रिंगांचा. मात्र नळीस तोंड लावून फुंकू नये. आत विषारी वाफ असते. सायकलच्या पंपाने हवा मारावी. रबरी नळी बाहेरून चांगली दिसते म्हणून विश्वासू नये. जुन्या रबराचा आतील थर तेलाने फुगून सुटतो आणि आतल्या आत पडद्यासारखा वाट अडवितो. नळी वाकवून, दाबून, उजेडाकडे धरून आरपार पाहावी. हल्ली पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते, आणि जुन्या काळचे रबर त्यापुढे फार दिवस टिकत नाही. तेव्हा पेट्रोलच्या नळ्या बदलताना इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्याच घ्याव्या. नळीच्या वाटेत किंवा कव्हरच्या आत तारेची जाळी असते. उलट भडका उडाल्यास ज्वाला चेंबरकडे जाऊ नये हे तिचे काम. ती रॉकेलात धुऊन, वाळवून परत बसवावी. घाण झाली म्हणून फेकून देऊ नये.

तेलाच्या झाकणाची आतली बाजूही बोलकी असते. तेथे लोण्यासारखा पिवळट राप दिसला तर तेलात पाणी मिसळत आहे असे समजावे. गाडी रोज केवळ घरापासून स्टेशनापर्यंत आणि स्टेशनापासून घरापर्यंत जात असेल, तर यंत्र पुरते तापत नाही आणि वाफेचे पाणी आतच राहते. थंडीच्या दिवसांत हे विशेष घडते. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा तासभर लांब फेरी. परंतु त्याबरोबर रेडिएटरमधील पाणीही कमी होत असेल, तर तो दोष हेड पॅकिंगचा समजून त्वरित दाखवावे. तेलास पेट्रोलाचा उग्र वास येऊन ते पातळ झाले असेल आणि त्याची पातळी आपोआप वाढत असेल, तर यंत्राच्या अंगास लावलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला आहे काय ते पाहावे. फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल चेंबरमध्ये उतरते. अशा वेळी गाडी मुळीच चालवू नये. सायलेन्सरचा धूर निळा असेल तर तेल जळत आहे, काळा असेल तर पेट्रोल जास्त जात आहे, आणि यंत्र तापल्यावरही पांढरा दाट धूर थांबत नसेल तर रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये जात आहे, असा साधारण ठोकताळा आहे.

एवढे झाल्यावरही शंका उरली, तर शेवटी कॉम्प्रेशन मोजावे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब घड्याळावर पाहावा. एखाद्याचा कमी आला तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर रिंगा झिजलेल्या, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. ही परीक्षा यंत्र न उघडता होते. म्हणून ती झाल्याखेरीज कोणासही यंत्र उघडू देऊ नये.

आमच्या गाडीची ही परीक्षा काकांनी केली. तीन सिलिंडर जवळपास सारखे होते आणि चौथा कमी. तेल सोडताच तोही वर आला. म्हणजे त्याच्या रिंगा थोड्या झिजल्या आहेत. "म्हातारपण आहे, मरण नाही," असा निकाल काकांनी दिला. नवी नळी, धुतलेली जाळी, टॅपेट कव्हरचे पॅकिंग, एअर फिल्टर आणि ताजे तेल, एवढ्यावर काम भागले. खर्च दोन हजारांच्या आत. फिल्टर वर्षाने पुन्हा थोडा तेलकट होईल आणि बदलावा लागेल. तेवढे भाडे आता आम्ही आनंदाने देऊ.

दिवाळीस आमचा पुतण्या इंग्लंडहून आला. त्यास ही हकीकत सांगताच तो हसू लागला. कारण त्याच्या घरीही हेच प्रकरण, केवळ अधिक गुंतागुंतीचे, नुकतेच होऊन गेले होते. त्याने हौसेने १९७२ सालची एक एमजीबी जातीची स्पोर्ट्स मोटार घेतली आहे. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत ह्या उघड्या टपाच्या गाड्या तयार झाल्या आणि त्यांतील पुष्कळशा अमेरिकेस गेल्या. त्याची गाडीही मुळात अमेरिकेसाठी बनलेली, पुढे कोणी तरी परत विलायतेत आणलेली. स्पोर्ट्स मोटारीशी आमच्या पद्मिनीचे नाते जोडणे वाचकांस धाडसाचे वाटेल. पण १९४६ साली इटलीतील चिसितालिया कारखान्याने जी छोटी शर्यतीची मोटार काढली तिचे यंत्र फियाट अकराशेवरूनच घडविले होते, आणि आमची पद्मिनी त्याच अकराशेच्या वंशातली. तेव्हा घराणे काही अगदीच सामान्य नव्हे!

पुतण्याची तक्रार अशी होती: गाडी पंधरा-वीस किलोमीटर उत्तम धावे, मग गुदमरून बंद पडे; पाच-दहा मिनिटे उभी केली की पुन्हा सुरू होई. मंद गतीत तिचे ठोकेही खालीवर होत. कार्बोरेटर दोनदा खोलून झाले, पेट्रोल पंप बदलून झाला. अमेरिकेस जाणाऱ्या त्या काळच्या गाड्यांत पेट्रोलच्या टाकीतील वाफ हवेत सोडण्यास बंदी होती. म्हणून टाकीपासून एक नळी बॉनेटखालील कोळशाच्या डब्याकडे येते. तो कोळसा वाफ धरून ठेवतो. यंत्र चालू झाले की कार्बोरेटर चेंबरमधील वायू ओढतात. त्याची जागा भरण्यासाठी ताजी हवा त्या कोळशाच्या डब्यातून, धरलेली वाफ घेऊन, टॅपेट कव्हरच्या एका बारीक छिद्रावाटे आत येते. अशा रीतीने टाकी, कोळसा, चेंबर आणि कार्बोरेटर ही एकाच श्वासाची चार ठिकाणे. आधीच्या मालकास बॉनेटखालील ही नळ्यांची जाळी विद्रूप वाटली असावी. त्याने डबा काढून टाकला, टाकीच्या नळीस बूच मारले आणि तेलाचे मूळचे बंद झाकण टाकून हवा घेणारे, चकचकीत झाकण बसविले.

परिणाम उघड आहे. टाकीतून पेट्रोल जाई, पण त्याच्या जागी हवा येईना. टाकीत निर्वात पोकळी होऊन पेट्रोल अडे. गाडी उभी राहिली की हळूहळू हवा झिरपे आणि ती पुन्हा चाले. इकडे सैल झाकणातून जास्तीची हवा कार्बोरेटरात जाऊन मिश्रण पातळ होई, म्हणून ठोके खालीवर. पुतण्याने एकदा गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडले, तेव्हा "सूं" असा आवाज होऊन हवा आत शिरली, आणि सारा उलगडा झाला. मूळ झाकण, मूळ डबा आणि मूळ नळ्या जेथल्या तेथे येताच गाडी तक्रार विसरली. त्याच्या अनुभवाचे सार असे: जुन्या गाडीतील एखादी नळी कशासाठी आहे हे कळल्यावाचून ती काढू नये, काढावयाचीच असेल तर तिच्या दोन्ही टोकांस काय होते ते आधी शोधावे. त्याच काळच्या कित्येक गाड्यांत ह्या वाटेवर एक लहानसा स्प्रिंगचा व्हॉल्व्हही असतो. तो काढून हलविला असता खुळखुळला पाहिजे, आणि यंत्र चालू असता त्याच्या तोंडावर बोट ठेवले तर ओढ जाणवली पाहिजे. चिकटून उघडा राहिला तर मंद गती बिघडते. चिकटून बंद राहिला तर चेंबर कोंडतो.

ह्या साऱ्या नळ्यांचा जन्म लॉस एंजेलिस शहरात झाला असे म्हटले तरी चालेल. तेथील हवेत दाटणाऱ्या, डोळे झोंबविणाऱ्या धुक्याचे कारण १९५० च्या सुमारास हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढले: मोटारींच्या व तेलाच्या कारखान्यांच्या वाफा सूर्यप्रकाशात एकमेकींशी मिसळून ते विष तयार होत होते. मोटारीतून बाहेर पडणाऱ्या न जळलेल्या पेट्रोलचा सुमारे पाचवा हिस्सा ह्या एका उघड्या ब्रीदरवाटे जातो असे आढळले. तेव्हा १९६१ पासून कॅलिफोर्नियातील नव्या मोटारींस आणि १९६३ पासून बहुतेक साऱ्या अमेरिकेतील नव्या मोटारींस आपला उच्छ्वास आपणच गिळण्याची सोय करण्यात आली. १९७० साली कॅलिफोर्नियात टाकीच्या वाफेवरही बंधन आले. आपल्याकडील भारत स्टेज नियमांतही चेंबरचा वायू हवेत सोडण्यास नव्या गाड्यांस मनाई आहे.

आमच्या जुन्या गाडीस मात्र दर वेळी पी. यू. सी. चे प्रमाणपत्र बिनतक्रार मिळत होते, अगदी नळी लोंबत असतानाही! त्यात तपासणाऱ्याची चूक नाही. ती परीक्षा सायलेन्सरच्या तोंडाशी होते. बॉनेटखाली लोंबणारी नळी तिला दिसत नाही. कायद्याचा कागद हाती असला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे आम्ही समजत होतो. आमच्या फिल्टरची घाण वाचविण्यासाठी ती आम्ही रस्त्यावर सोडली, आणि ती रस्त्यावर जाण्याआधी आमच्याच माणसांच्या श्वासात आली. घरातील केर शेजाऱ्याच्या दारात लोटू नये, हे आपल्याकडे लहान मुलीसही शिकवितात. मोटारीच्या बाबतीत तेवढे शिकावयास आम्हांस साठी उलटावी लागली.

२०२१ साली झालेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूप कायम राखलेल्या खासगी गाड्यांची विंटेज म्हणून वेगळी नोंदणी होऊ शकते. आमची पद्मिनी २०२९ साली पन्नाशी गाठील. तोवर तिची प्रत्येक नळी जेथल्या तेथे ठेवावयाची, असा ठराव घरच्या सभेत, ह्या खेपेस मातोश्रींच्या अध्यक्षतेखाली, एकमताने मंजूर झाला आहे. वर्षातून दोनदा पोस्टकार्डाची परीक्षा घेण्याचे काम नातीकडे सोपविले आहे, आणि पावसाळ्यात गाडी उभी असता नळीच्या तोंडाशी कुंभारीण फिरकत नाही ना, हेही तीच पाहणार आहे.

कार्तिकात आम्ही सर्व जण कौंडण्यपुरास जाऊन आलो. वर्धेच्या काठी, रुक्मिणीच्या माहेरी दर्शन घेऊन परत निघालो तेव्हा संध्याकाळ झाली होती. दोन्ही बाजूंस कापूस फुटलेला होता. पुढच्या आसनावर मातोश्री होत्या. डोके दुखते काय, असे आम्ही वाटेत दोनदा विचारले. तिसऱ्यांदा विचारताच त्या म्हणाल्या, "मला नको विचारूस, गाडीला विचार." घरी पोहोचल्यावर आम्ही कंदील घेऊन गाडीखाली वाकून पाहिले. फरशी कोरडी होती.